बंद आढळले, फलक नाही

संपादकांनी पत्रातून "खात्यातले गमतीदार अनुभव" मागितले आहेत. गमतीचे म्हणावेत असे दोन अनुभव माझ्याजवळ आहेत, ते आधी लिहितो. तिसरा गमतीचा नाही. खरं तर तो लिहिता यावा म्हणूनच मी या लेखाला हो म्हणालो. इतकी वर्षं तो कोणाला सांगितलेला नाही. बायकोलाही अर्धाच सांगितला आहे.

मी कस्टममध्ये होतो असं सांगितलं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथं कुठं समुद्र हाय?" त्या काळी केंद्राचं उत्पादन शुल्क आणि कस्टम हे एकच खातं होतं. लोक आम्हाला एक्साइजवाले म्हणत, आणि एक्साइज म्हणजे दारू पकडणारे असा सगळीकडे समज. आमची जीप एखाद्या गावात शिरली की दोन-तीन घरांच्या मागच्या दारांतून माणसं पळताना दिसायची. त्यांना थांबवून आपण ते नव्हेत हे सांगायचा मी सुरुवातीला प्रयत्न केला. नंतर सोडून दिला.

आमचं काम दोन प्रकारचं. एक, परदेशी जाणारा माल कारखान्यातच कंटेनरमध्ये भरला जात असेल तर तिथं हजर राहायचं आणि दाराला सील लावायचं. सील म्हणजे बोटाएवढा जाड लोखंडी खिळा, एकदा ठोकला की कापल्याशिवाय निघत नाही. त्यावरचा नंबर कागदावर लिहायचा. तोच नंबर त्या कागदाबरोबर जहाजातून दुसऱ्या देशात पोचतो आणि तिथला माझ्यासारखाच एक इन्स्पेक्टर तो ताडून पाहतो. आम्ही एकमेकांना कधी बघणार नसतो, पण त्याला माझ्या नंबरावर विश्वास ठेवावा लागतो.

दुसरं काम पडताळणीचं. माल सीमा एकदाच ओलांडतो, पण त्याचे कागद दोनदा तयार होतात, इकडे निर्यातीचे आणि तिकडे आयातीचे. दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर मधे कुठंतरी कोणीतरी खोटं बोललं आहे. म्हणून देशादेशांत करार झाले, की एका कस्टमला शंका आली तर दुसऱ्याने माहिती द्यायची. तिकडून दिल्लीला पत्र, दिल्लीहून नागपूर, नागपूरहून आमच्याकडे. आणि शेवटी त्या साखळीच्या टोकाला मी, एक जीप, आणि पांढरकवड्याचा किंवा मारेगावचा एखादा पत्ता. हे मला फार मोठं काम वाटायचं. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी माझी. माझ्या सहीचा कागद दुसऱ्या देशात वाचला जातो, हे मी वडिलांना दोनदा समजावून सांगितलं होतं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बरं."

पहिली गंमत मारेगावची. एका कागदावर लिहिलं होतं की या पत्त्यावरची फर्म दर महिन्याला तयार कपडे परदेशी पाठवते. पत्त्यावर पोचलो तर पिठाची गिरणी. मालक डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.

"तुमची कपड्यांची फर्म आहे ना?"

"मी तं ज्वारी दळतो जी."

"कागदावर तुमचा पत्ता आहे. परदेशात कपडे पाठवता असं लिहिलंय."

त्याने आपल्या अंगातल्या बनियनकडे पाहिलं. त्याला तीन भोकं होती. "सायेब, माह्याजवळ पाठवाजोगे कपडे असते तं मीच नसते घातले का?"

त्याच्या नावाने कोणीतरी नागपुरात बसून कागद रंगवत होता. मी रिपोर्ट केला, "दिलेल्या पत्त्यावर फर्म बंद आढळली. फलक नाही. यंत्रसामग्री नाही." रिपोर्ट अर्थात इंग्रजीत असायचे, पण आमच्या खात्यात या शब्दांना ठरलेला अर्थ होता. बंद आणि फलक नाही असं लिहिलं, की वाचणारा समजायचा: बोगस. हा अर्थ मला चांगला ठाऊक होता, एवढं इथं लिहून ठेवतो.

दुसरी गंमत रहीमभाईंच्या जिनिंगमधली. रहीमभाईंची जिनिंग पांढरकवड्याहून थोड्या अंतरावर, रस्त्याला लागून. वडिलांनी सुरू केलेली. जिनिंगमध्ये कापूस येतो, रोलरमधून जातो, सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे. रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. प्रत्येक गाठीवर जिनिंगचा मार्का आणि नंबर रंगवलेला. रहीमभाई आपला मार्का रंगवायच्या कामाला दुसऱ्याला हात लावू देत नसत. पांढरा पायजमा, वर सदरा, सदऱ्याला रुई चिकटलेली, आणि हातात रंगाचा डबा, असा हा मालक.

त्यांच्याकडे मी सहा वर्षं कंटेनर सील करायला जात होतो. एकदा कंटेनर भरून झाला, दारं लावली, मी सील ठोकलं, नंबर लिहिला, आणि मागून आवाज आला, "सायेब, माहा डबा."

वामन नावाचा हमाल होता. कुत्री तोंड घालतात म्हणून त्याने जेवणाचा डबा आत एका गाठीवर ठेवला होता. सील कापायचं म्हणजे नवं सील, नवे कागद, नागपूरला फोन, आणि जहाज चुकण्याची भीती. मी घड्याळाकडे पाहिलं. रहीमभाई वामनकडे पाहून म्हणाले, "राहू दे बे वामन. आपल्याले काई परदेश पाहाले भेटला नाई, डब्याले तरी पाहू दे."

"तुमाले हासू येऊन राह्यलं, मालक. घरी बायको इचारन ना, डबा कुठं गेला मनून. तिले काय सांगू, जहाजात बसला?"

"सांग ना. अन् आज माह्या घरी जेव."

सगळे हसले. कंटेनर गेला. दोनेक महिन्यांनी परदेशातल्या कस्टमचं पत्र सगळी साखळी उतरत माझ्या टेबलावर आलं. कंटेनरमध्ये यादीत नसलेली एक वस्तू सापडली होती: तीन कप्प्यांचं धातूचं भांडं, आत कुजलेला वनस्पतिजन्य पदार्थ. खुलासा करावा.

ती वांग्याची भाजी होती. मी खुलासा लिहिला, आणि इतक्या आनंदानं आयुष्यात दुसरा कागद लिहिला नसेल. चार पानं झाली. हमालाची सवय, कुत्री, सीलची वेळ, सगळं लिहिलं. शेवटी एक वाक्य जोडलं: "सदर फर्म व तिचे मालक यांना मी सहा वर्षांपासून व्यक्तिशः ओळखतो. ते अत्यंत सचोटीचे आहेत." परदेशी कस्टमने प्रकरण मिटवलं. पण आमच्या वरच्या ऑफिसातून मला मेमो आला. निर्यातदाराला व्यक्तिशः ओळखण्याचं कारण काय, याचा खुलासा करा. सचोटीचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, याचाही करा.

मी खुलासा केला. माझी बढतीची फाइल वर्षभर बाजूला पडून राहिली. त्या वर्षात माझ्याबरोबर लागलेले दोघे अधीक्षक झाले. आमचे त्या वेळचे अधीक्षक स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी मला बसवून सांगितलं, "तुम्हाला काय माहीत आहे ते रिपोर्टमध्ये लिहायचं नसतं. काय दिसलं तेवढं लिहायचं. डोळ्यांनी दिसलं ते लिहिणारा माणूस कधी अडकत नाही."

मी ते मनावर घेतलं. नुसतं घेतलं नाही, पुढे त्याचा अभिमानही बाळगायला लागलो. नव्या मुलांना हेच सांगायचो.

आता तिसरी गोष्ट.

कापसाची ती वर्षं आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नकोत. सरकारी खरेदी आवरत आली होती, भाव कोसळले होते, आणि दर हंगामात एखादी तरी जिनिंग बंद पडत होती. कुलूप लागलेली जिनिंग ही जिल्ह्यात कोणत्याही रस्त्यावर दिसणारी वस्तू होती. रहीमभाई टिकले होते ते शेजारच्या देशातल्या एका सूतगिरणीमुळे. ती त्यांच्याच मार्क्याच्या गाठी मागायची. माल ट्रकने सीमेपर्यंत जायचा आणि तिथून पलीकडे.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस पलीकडच्या कस्टमकडून एक यादी आली. काही भारतीय फर्मा फक्त कागदावर आहेत, असा त्यांना संशय होता, आणि तो काही ठिकाणी खरा होता. यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन सात दिवसांत कळवायचं होतं. आमच्या वाट्याला तीन पत्ते आले. त्यांतला एक रहीमभाईंचा.

मी गेलो तो दुपारी. फाटकाला कुलूप होतं. जिनिंग दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि कापूस संपला की थांबते. मेमध्ये जिनिंग बंद असते हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याच दिवसांत रोलर उतरवतात, झिजलेलं चामडं बदलतात, यंत्रं खोलतात. फाटकाच्या आत सावलीत वामन बसला होता. हंगाम नसला की तो राखणदारी करायचा. मला पाहून तो उठला.

"मालक नागपूरले गेले सायेब, रोलरचं सामान आणाले. मशिनी खोलून ठेवल्या हायत. खोलू का कुलूप?"

"नको. फलक कुठं गेला?"

"रंगवाले देला. ऊन खाऊन पार पांढरा पडला होता. चाय ठेवू का?"

चहा नको म्हणालो. पुढे दोन पत्ते बाकी होते. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी छापील फॉर्म भरला. पाहणीच्या वेळी फर्म सुरू आहे काय? बंद आढळली. फलक आहे काय? नाही. यंत्रसामग्री कार्यरत आहे काय? नाही. फर्मचा जबाबदार प्रतिनिधी हजर होता काय? नाही, कारण राखणदार हा जबाबदार प्रतिनिधी धरला जात नाही. शेवटी शेऱ्याचा रकाना होता, चार ओळींचा. "हंगाम संपल्यामुळे" एवढे दोन शब्द तिथं बसले असते. वामनने सांगितलेलं सगळंच बसलं असतं.

मी तो रकाना कोरा सोडला.

का सोडला, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच प्रकारे देऊन पाहिलं आहे. मेमोची भीती होती, हे खरं. या फर्मच्या नावापुढे माझ्या हातून पुन्हा एकही बरा शब्द जाऊ नये असं मी ठरवूनच टाकलं होतं. उन्हाची वेळ होती, हेही खरं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर पेन थांबलं होतं. क्षणभर थांबलं, आणि मला तो रकाना कोरा ठेवताना बरं वाटलं. आपण कोणाच्या ओळखीपाळखीत नाही, आपण किती कोरे आहोत, असं काहीतरी. त्या रिपोर्टमध्ये एकही शब्द खोटा नव्हता. वाचणारा त्यातून काय समजेल हे मला माहीत होतं, कारण मारेगावच्या गिरणीबद्दल मी हेच शब्द लिहिले होते.

रिपोर्ट सात दिवसांच्या आत गेला. वेळेत पडताळणी केल्याबद्दल आमच्या ऑफिसला शाबासकीचं पत्रही आलं.

जून संपता संपता रहीमभाई ऑफिसात आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या ऑफिसात आले होते, नेहमी मीच त्यांच्याकडे जायचो. खुर्चीच्या कडेवर बसले.

"साहेब, तुम्ही आलते म्हणे आमच्याकडं."

"हो."

"वामननं सांगतलं. मी नागपूरले गेलतो." मग मुद्द्यावर आले. "माहे सहा ट्रक तिकडं अडकून हायत. सीमेच्या अल्याड. पलीकडचे घेऊन नाई राह्यले. त्यायचा एजंट म्हन्ते का अशी काई जिनिंगच नाई. हिंदुस्थानच्या कस्टमनंच तसं कळवलं म्हन्ते."

"मी तसं लिहिलेलं नाही."

"मंग काय लिवलं?"

दोन देशांतला हा पत्रव्यवहार गोपनीय असतो. तसा नियम आहे आणि तो योग्य आहे. नाहीतर चोराला आधीच सुगावा लागेल. मी म्हणालो, "ते मला सांगता येत नाही, रहीमभाई. गोपनीय आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. "मी हाय का नाई, हे बी गोपनीय हाय का साहेब?"

मी समोरच्या फाइलीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. ते उठून गेले.

त्याच दिवशी मी अधीक्षकांकडे गेलो. जिनिंग चालू आहे, फक्त हंगाम नव्हता, दुरुस्तीचा रिपोर्ट पाठवू, असं म्हणालो. त्यांनी चष्मा काढला.

"दुसरा रिपोर्ट पाठवलात तर पहिला काय होता?"

"पहिला बरोबरच होता साहेब. पण अपुरा होता."

"अपुरा का होता, हे वरचे विचारतील. मध्यंतरी व्यापारी तुम्हाला येऊन भेटला, हेही निघेल. तो मागचा मेमो तुमच्या फाइलीत अजून आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला रीतसर अर्ज करू द्या. अर्ज आला की आपण पुन्हा पाहणी करू. मग तुमच्यावर काही येणार नाही."

मी रहीमभाईंना अर्ज करायला सांगितलं. त्यांनी केला. अर्ज नागपूरला गेला आणि तिथून परत आला. कारण गोपनीय रिपोर्टविरुद्ध अर्ज करायचा तर असा रिपोर्ट आहे हे अर्जदाराला माहीत असावं लागतं, आणि ते त्याला माहीत असणं हाच गुन्हा ठरतो. आपण कोणत्या रिपोर्टबद्दल लिहीत आहात, अशी त्यांना उलट विचारणा झाली. ते पत्र घेऊन रहीमभाई पुन्हा आले. माझ्यासमोर ठेवलं.

"याचं उत्तर काय लिवू?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं. उत्तर मी लिहायचं होतं, त्यांनी नव्हे. जगात त्या चार रिकाम्या ओळी भरू शकणारा माणूस मी एकटा होतो. मी म्हणालो, "बघतो."

त्यानंतर मी बावीस दिवस बघत होतो. सीमेवर पाऊस सुरू झाल्याचं रोज पेपरात येत होतं. ट्रक उघड्या मैदानात उभे होते. वर ताडपत्री, पण त्या भागातल्या पावसापुढे ताडपत्री म्हणजे काय. या बावीस दिवसांत मी ऑफिसला रोज वेळेवर गेलो. मुलीच्या शाळेत पालकसभेला गेलो. घरी कुलर दुरुस्त केला. मसुदा टेबलाच्या खणात तयार होता. त्याखाली सही तेवढी करायची होती.

तेविसाव्या दिवशी सही केली. अधीक्षकांना न विचारता. अंगात काही धैर्य आलं म्हणून नव्हे. त्या सकाळी बाजारात वामन भेटला होता. नमस्कार करून तो म्हणाला, "सायेब, त्या दिवशी कुलूप खोललं असतं तं बरं झालं असतं. माहीच चूक झाली. मी जबरदस्तीनं खोलाले पाह्यजे होतं." तो स्वतःला दोष देत होता.

दुरुस्तीचा रिपोर्ट वर गेला. नागपूरने विचारलं, दोन रिपोर्टांपैकी कोणता ग्राह्य धरायचा. मी कळवलं, दुसरा. त्यांनी विचारलं, मग पहिल्याबद्दल कारवाई का करू नये. मी कळवलं, करावी. याला दिवाळी उजाडली. शेवटी दिल्लीहून तो पलीकडे गेला, असं मला सांगण्यात आलं. मला दुसरा मेमो मिळाला आणि एक वेतनवाढ थांबली. तो मेमो हातात घेतला तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पण पहिला रिपोर्ट तोवर सीमेवरच्या त्या एकट्या नाक्यावर राहिला नव्हता. हे मी खात्यात असूनही मला कळलं नव्हतं. पलीकडच्यांनी तो त्यांच्या संगणकात चढवला होता, आणि त्यांच्या सगळ्या नाक्यांवर, बंदरांवर तो दिसत होता. त्यांच्याकडून आणखी एका देशाने ती यादी घेतली होती. आम्हीच तर हे मागितलं होतं, की माहिती झटकन पोचावी. ती पोचली. दुरुस्तीच्या कागदाला मात्र तसा रस्ताच नव्हता. तो प्रत्येक टेबलावर थांबत, सह्या घेत, पायी चालला होता. बंद आढळल्याची नोंद एका बटणानं होते. उघडी असल्याची करायला कोणाच्याच फॉर्ममध्ये जागा नव्हती.

सूतगिरणीने दुसरा माल घेतला. सहा ट्रक परत आले. हे दिवाळीच्या बरंच आधी. ऑगस्टमध्ये मी जिनिंगमध्ये गेलो. कोणी बोलावलं नव्हतं, कामही नव्हतं. गाठी शेडमध्ये उतरवलेल्या होत्या. एका बाजूच्या पिवळ्या पडल्या होत्या आणि शेडभर आंबूस वास होता. वामनने एका गाठीची पट्टी सैल करून कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर रुई काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"पाहा ना सायेब. आतून गरम हाय."

ओली रुई आतल्या आत तापते. माझ्या हातात ती कोमट होती, एखाद्या जिवंत प्राण्यासारखी. रहीमभाई पलीकडे उभे होते. त्या गाठींवरचा त्यांचा मार्का मात्र अगदी स्वच्छ दिसत होता.

"माफ करा," मी म्हणालो. पहिल्यांदाच.

"तुम्ही लिवलं ते खोटं नोहोतं, साहेब," ते म्हणाले. "मी तुमाले खोटं म्हनू नाई शकत. म्हनता आलं असतं तं लय सोपं गेलं असतं मले."

त्या दसऱ्याला त्यांच्या कापूस तोलायच्या काट्याची पूजा झाली नाही. रोलर बसवून तयार होते, फलकही रंगून आला होता, पण माल घेणारं कोणी नव्हतं. इथल्या बाजारात ती वर्षं अशी होती की एक हंगाम चुकलेल्याला दुसरा मिळत नसे. पुढल्या वर्षी यंत्रं आदिलाबादकडच्या कोणीतरी नेली. वामन राजूरला कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगवर कामाला लागला. तिथल्या धुळीने त्याला खोकला लागला, असं मी ऐकलं. जाऊन पाहिलं नाही. रहीमभाईंनी पांढरकवड्यात सरकीच्या ढेपेचं दुकान टाकलं. रस्त्यात भेटले की सलाम करायचे आणि माझ्या मुलीचं कसं चाललंय ते विचारायचे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या बाजूने जाणं टाळू शकलो असतो. ते चांगलं बोलत, म्हणून थांबावं लागे.

तीन वर्षांनी आमच्या ऑफिसात एक पत्र आलं. तोवर जुने अधीक्षक निवृत्त झाले होते. नवे तरुण होते, हुशार. त्यांनी मला बोलावून कागद पुढे केला. त्यांचा चेहरा खुलला होता.

"सर, ही तुमची जुनी केस दिसते. चांगली बातमी आहे."

पलीकडच्या कस्टमने दुरुस्तीचा रिपोर्ट मान्य केला होता. त्या फर्मचं नाव यादीतून काढायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच होती. फर्म सध्या सुरू आहे काय, याची ताजी पाहणी करून सात दिवसांत कळवावं.

मी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आधी ढेपेच्या दुकानात गेलो. पत्र दाखवलं. ते गोपनीय होतं. रहीमभाईंनी ते चष्मा लावून सावकाश वाचलं, घडी करून परत दिलं, आणि दुकानाचं शटर ओढलं.

"चला. मी बी येतो."

फाटकाला कुलूप होतं, त्याची किल्ली त्यांच्याकडे अजून होती, पण कुलूप गंजलं होतं. फिरलं नाही. गजांतून आत पाहिलं. शेडचे पत्रे कोणीतरी नेले होते. जिथं गाठी रचायचे तिथं कमरेइतकं गवत होतं.

मी फॉर्म काढला. बॉनेटवर ठेवला. पेन काढलं आणि तसाच उभा राहिलो. या वेळी शेऱ्याच्या त्या चार ओळी भरायच्या होत्या. हे कसं झालं, कोणामुळे झालं, सगळं लिहायचं असं मी येताना ठरवलं होतं. पण तो फॉर्म त्याबद्दल विचारत नव्हता. तो एवढंच विचारत होता की आज सुरू आहे काय.

रहीमभाई माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"लिवा साहेब. काहून थांबले?"

"काय लिहू?"

"दिसते ते लिवा. मागच्या टायमाले मी हजर नोहोतो. आज हाय."

मी लिहिलं. बंद आढळली. फलक नाही. यंत्रसामग्री नाही. जबाबदार प्रतिनिधी हजर होता काय, याच्यापुढे "होय" लिहिलं. त्यांनी वळणदार उर्दूत सही केली. सहीखाली हुद्दा लिहायचा असतो. त्यांनी विचारलं, काय लिहू. मी म्हणालो, मालक. त्यांनी लिहिलं.

शेऱ्याच्या रकान्यात मी शेवटी दोन वाक्यं लिहिली होती, पहिला रिपोर्ट अपुरा होता आणि तो माझा होता, अशी. नव्या अधीक्षकांनी ती समजुतीच्या स्वरात खोडायला सांगितली. विचारलेल्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही, म्हणाले. संबंध नव्हताच. मी खोडली आणि पुढल्या महिन्यात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

रिपोर्ट मुदतीत गेला. जुळणारे कागद दोन्ही बाजूंना आहेत. पलीकडून त्यावर पुन्हा कसलीही शंका विचारली गेली नाही.